निर्णय घेणारी व्यक्ती

तपासनीस बाई बारा मिनिटं लवकर आल्या. आईने बाबांना दंडाला धरून स्वयंपाकघरात ढकललं.

"तोंड उघडायचं नाही," ती कुजबुजली.

"मी काय लहान आहे का?"

"लहान असता तर बरं झालं असतं. अनुदान तुमच्याच नावावर आलं असतं."

खरं होतं ते. जादा अनुदान चाळिशीच्या आतल्या शेतकऱ्यांनाच मिळतं, म्हणून माझी पदवी झाल्या झाल्या शेत माझ्या नावावर झालं. अटी दोन. शेतीतले निर्णय लाभार्थ्यानेच घ्यायचे, आणि तपासणीत तसं दिसलं की पुढची पाच वर्षं दुसरी नोकरी करायची नाही. निर्णय अर्थातच बाबा घेत. मी अर्ज भरत असे.

आज मात्र मी खरं सांगून टाकणार होते. शहरातल्या माती परीक्षण प्रयोगशाळेचं नेमणूकपत्र माझ्या खिशात होतं. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. माझं नाव कटलं असतं तर बाबांना त्यांच्या नावावर साधं अनुदान मिळालं असतं, थोडं कमी. 'निर्णय बाबा घेतात.' वाक्य पाठ होतं.

बाईंनी फाईल उघडली. "खालचं शेत अजून नांगरलं नाहीत. का?"

बाबा गुरुवारी नांगरणार होते. एवढंच सांगायचं होतं. पण प्रश्न चांगला होता, आणि उत्तर मला माहीत होतं.

"वीस सेंटिमीटरवर माती अजून ओली आहे. आत्ता नांगर घातला तर खाली कडक थर बसेल, मुळं आडवी पळतील. अजून दहा दिवस थांबायचं."

"ओल कशी मोजलीत?"

"नमुना वजन करून ओव्हनमध्ये वाळवला, मग पुन्हा वजन केलं. सव्वीस टक्के."

"तेव्हापासून माझ्या ओव्हनला चिखलाचा वास येतोय!" आतून आई ओरडली.

बाई हसल्या. "घरच्यांना दहा दिवस मान्य आहेत?"

आत खुर्ची करकरली. बाबांना गप्प बसवत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक. आता ते बाहेर येणार, 'गुरुवारी!' म्हणणार आणि मी सुटणार. मी दाराकडे बघत राहिले.

दार हललं नाही.

'निर्णय घेणारी व्यक्ती' या ओळीपुढे बाईंनी माझं नाव लिहिलं. "आजपासून पाच वर्षं. सही करा."

पाठ केलेलं वाक्य अजूनही म्हणता आलं असतं. फक्त ते आता खोटं होतं. मी सही केली.

बाईंची गाडी वळणाआड गेल्यावर बाबा बाहेर आले, फोन हातात घेऊन. इतकं खूश मी त्यांना माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

"ट्रॅक्टरवाल्याला गुरुवारी नको म्हणून सांगतो," ते म्हणाले. "आणि शास्त्रज्ञबाई, वरच्या शेताचं काय करायचं?"

हात खिशातल्या पत्रावर गेला.

"उद्या मोजून सांगते," मी म्हणाले.