काही घाई नाही

“प्रश्न विचारायच्या आधी एवढं नजरेखालून घाला, पियर्सीसाहेब,” आरोग्यमंत्र्यांच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या आणि लिअँडरच्या चहाच्या कपाशेजारी एक पाकीट ठेवून गेल्या. बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. टपाल टाकून जावं तशा गेल्या.

लिअँडर पियर्सी विधानसभेच्या उपाहारगृहात टायची गाठ सोडून पुन्हा बांधत होता. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या माणसाला पाच वर्षांच्या आमदारकीत काही टाय मानवला नव्हता. कुठल्याच पक्षाचं तिकीट न घेता तो निवडून आला होता. लोकांनी मतं दिली ती त्याच्या भाषणांना नव्हेच, भाषण त्याला येतच नसे. स्केरी आर्ममध्ये कुणाला कळा लागल्या, कुणाचा हात यंत्रात सापडला, की लिअँडर आपली गाडी काढायचा आणि बर्फ असो, धुकं असो, माणूस इस्पितळात पोचवायचा. असा माणूस राजधानीत पाठवला तर आपलं भलं होईल, असं लोकांना वाटलं. त्याला राजधानीत पाठवल्यावर गावात गाडी कोण काढणार, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सरकारने स्केरी आर्मची अँब्युलन्स काढून घेतली आणि शहाण्णव किलोमीटरवरच्या ब्रॉडवॉटरला नेऊन उभी केली. तिकडे लोकवस्ती जास्त, असं कारण दिलं. या फेब्रुवारीत हेवर्ड राइडआउटच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा ती यायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. आली तेव्हा हेवर्डकाका स्वयंपाकघरातल्या बाकावर गेलेला होता. लिअँडर त्या दुपारी इथेच, याच इमारतीत, मासेमारीच्या परवान्यांवर चाललेली चर्चा ऐकत बसला होता.

आज तो हेच विचारणार होता. दोन तास चाळीस मिनिटं का लागली आणि आमची अँब्युलन्स परत कधी देता? अपक्षाच्या वाट्याला आठवड्यातून एक प्रश्न यायचा. त्यात आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. आजची संधी गेली की थेट ऑक्टोबर. त्याचा प्रश्न ऐकायला गावातून बस भरून चौदा माणसं पहाटे पाचला निघाली होती, आणि त्यांत हेवर्डकाकाची बायको, एफीकाकूही होती.

त्याने पाकीट उघडलं. आतला कागद त्यानेच महिन्यापूर्वी मागितला होता. काकूने अँब्युलन्ससाठी केलेल्या फोनची ती नोंद होती, शब्द न् शब्द टंकलेली. ती मिळवायला काकूची संमती लागली होती. त्याने पुढे केलेल्या कागदावर काकूने सही केली होती. न वाचताच केली असणार, असं तो धरून चालला होता.

“काय त्रास होतोय?” पलीकडच्या मुलीने विचारलं होतं.

“माझ्या नवऱ्याच्या छातीत जरा दुखतंय, बाळा. तुम्हाला उगाच त्रास देतेय.”

“श्वास घेता येतोय का?”

“घेतोय तसा. काही घाई नाही हो. तुमच्या माणसांचं जेवण चाललं असेल तर होऊ दे आधी. आम्ही कुठं जातोय?”

त्याखाली एका चौकोनात शेरा होता. तातडीची निकड नाही. आणि त्याखाली, अँब्युलन्स आधी कुणाच्या तरी मोडलेल्या मनगटाकडे गेल्याची वेळ.

लिअँडरचा चहा थंड झाला. तो कागद त्याने तीनदा वाचला.

स्केरी आर्ममध्ये असंच बोलतात. तिथे कुणी ‘जरा’ दुखतंय म्हटलं की ऐकणारा हातातलं काम टाकून पळतो. गिल्बर्टची होडी उलटली तेव्हा त्याची बायको अग्निशमन दलाच्या खोलीत आली, आणि तिथे बसलेल्या लिअँडरला तिने आधी त्याच्या आईच्या गुडघ्याविषयी विचारलं. मग म्हणाली, “वेळ असला तर जरा घाटावर येतोस का?” तो पायात बूट न घालता धावला होता. तिथे दारं उघडी असतात आणि माणसं स्वयंपाकघराच्या दाराने थेट आत येतात. दारावर टकटक करतो तो परका, एक तर सरकारी माणूस नाही तर वाईट बातमी घेऊन आलेला पोलीस. अशा गावातल्या बाईने शहाण्णव किलोमीटरवरच्या अनोळखी मुलीला ‘काही घाई नाही’ म्हटलं, आणि त्या मुलीने ते खरं मानलं. तिचा तरी काय दोष?

आता मंत्री उठणार. चष्मा लावणार आणि भर सभागृहात म्हणणार, की माननीय सदस्यांनी माहिती पूर्ण घ्यावी, फोन करणाऱ्या बाईंनीच घाई नसल्याचं सांगितलं होतं. आणि वरच्या गॅलरीत काकू बसलेली असणार.

साडेबाराला बस आली. एफीकाकू खाली उतरली ती चर्चचे काळे बूट घालून. चौऱ्याहत्तर वर्षांची, काडीसारखी बाई. तिने लिअँडरच्या हातात फडक्यात गुंडाळलेला पाव ठेवला.

“वाळलास किती रे! इथं खायला घालतात की नुसतं बोलायला लावतात?”

“दोन्ही नाही, काकू. नुसतं ऐकायला लावतात.”

ती हसली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “तो माझा कागद आला का रे? मी सही दिली होती तो, फोनचा?”

“नाही,” लिअँडर म्हणाला. काकूशी तो जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला. “अजून नाही आला.”

“मंत्र्याकडे तरी असेल ना?”

“असेल बहुतेक.”

“मग ठीक,” काकू म्हणाली आणि बुटावरची धूळ रुमालाने पुसू लागली. धूळ गेली तरी ती पुसतच राहिली. बिचारी घाबरली आहे, असं लिअँडरला वाटलं, आणि तिथेच त्याचं ठरलं.

सभागृहात दीड वाजता घंटा झाली. गॅलरीच्या तोंडाशी पाटी होती, की पाहुण्यांनी बोलू नये, टाळ्या वाजवू नयेत, उभं राहू नये. चौदा माणसं देवळात बसावीत तशी दोन रांगांत बसली. काकू पुढच्या रांगेत अगदी कडेला होती. तिने आपली पर्स शेजारच्या मर्टलच्या मांडीवर देऊन टाकली होती आणि दोन्ही हात पुढच्या कठड्यावर ठेवले होते.

“स्केरी आर्मचे माननीय सदस्य,” सभापतींनी पुकारलं. तिथे माणसाला नावाने हाक मारत नाहीत, गावाने मारतात.

लिअँडर उठला. समोर आरोग्यमंत्र्यांनी फाइल उघडली आणि चष्मा नाकावर चढवला. फाइलच्या वर तोच कागद होता, हे त्याला इतक्या लांबूनही दिसलं.

“सभापतिमहोदय,” लिअँडर म्हणाला. “माझा प्रश्न... माझा प्रश्न बांधकाममंत्र्यांना आहे. स्केरी आर्मच्या घाटावरचा दिवा गेल्या नाताळापासून बंद आहे. अंधारात माणसं घसरतात. हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तो दिवा कधी लागेल?”

आरोग्यमंत्र्यांनी चष्म्यावरून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि फाइल मिटली. बांधकाममंत्री खुशीत उठले. माननीय सदस्य लोकांच्या सुरक्षिततेविषयी किती जागरूक आहेत, असं म्हणाले आणि महिनाभरात दिवा लावण्याचं आश्वासन दिलं. दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. पाच वर्षांत लिअँडरसाठी बाकं वाजली ती ही एवढीच.

त्याने वर पाहिलं. बाकीची तेरा माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. काकू बाकाच्या टोकावर अर्धवट उठल्यासारखी बसली होती. ती हळूहळू मागे टेकली. मग मर्टलकडून तिने आपली पर्स परत घेतली आणि मांडीवर ठेवली.

बाहेरच्या ओसरीत मर्टलने त्याला गाठलंच. मर्टल हेवर्डकाकाची सख्खी बहीण, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

“दिवा!” ती म्हणाली. “सात तास पाठ मोडून घेतली ती दिव्यासाठी होय? काय मिळालं रे तुला? खुर्ची बिर्ची देतायत का आता?”

“मर्टल, बसमध्ये जाऊन बस,” काकू म्हणाली.

“मी कशाला बसू? माझा भाऊ...”

“माझा नवरा होता. जा.”

सगळे गेले. ओसरीत लादी पुसायची बादली आणि ते दोघं, एवढेच उरले. लिअँडरला वाटलं, आता सांगून टाकावं. पण सुरुवात काकूनेच केली.

“कागद आला होता ना तुझ्याकडे?”

लिअँडरने बादलीकडे नजर वळवली.

“तुला खोटं बोलता येत नाही, लिअँडर. लहानपणीही येत नव्हतं. नाही म्हणालास तेव्हाच कळलं मला. तरी म्हटलं, विचारेल. माझ्याशी खोटं बोलला तरी तिथं विचारेल.”

“काकू, त्या कागदात...”

“त्यात काय आहे ते तू मला सांगणार? बोलले मीच ना ते?” काकूचा आवाज चढला नाही. “फेब्रुवारीपासून रोज बोलतेय. पीठ मळताना बोलते, भांडी विसळताना बोलते. काही घाई नाही, काही घाई नाही. तो बाकावर पडून माझ्याकडे बघत होता रे, आणि मी त्या पोरीला म्हणत होते, जेवण होऊ दे.”

लिअँडरने गळ्यातल्या टायची गाठ ओढली.

“सही करताना मी तो कागद पुरता वाचला होता,” काकू म्हणाली. “म्हटलं, येऊ दे बाहेर. मंत्र्याला वाचू दे सगळ्यांसमोर. मग मी उठणार होते.”

“उठणार होतीस?”

“उठून बोलणार होते. बंदी आहे, पाटी वाचली मी. धरून बाहेर काढतात म्हणे. काढू देत. चौऱ्याहत्तर वर्षांत मी कुणाला त्रास दिला नाही, एकदा देणार होते. वाक्यं पाठ केली होती. येताना बसमध्ये मनातल्या मनात घोकत होते.”

“काय होती?”

काकूने ओसरीत दोन्हीकडे पाहिलं. पर्स खाली ठेवली, कोटाचं वरचं बटण लावलं आणि शाळेत कविता म्हणायला उभी राहिल्यासारखी ताठ उभी राहिली.

“मी एफी राइडआउट. ती फोन करणारी बाई मीच. आमच्या गावात माणूस मरत असला तरी मदत मागताना आधी माफी मागतात. तुम्ही आमच्यावर राज्य करता, तर एवढं तुम्हाला माहीत असायला पाहिजे. आमची गाडी आमच्या गावात होती, तेव्हा ती चालवणाऱ्याला ते माहीत होतं.”

बोलून झालं. ओसरीत कुणी नव्हतं. सभागृहाच्या बंद दारामागून कशावर तरी हसण्याचा आवाज आला. काकूने पर्स उचलली.

“मला वाटलं तुला त्रास होईल, काकू,” लिअँडर म्हणाला. त्याला रडू आवरेना.

“हो,” काकू म्हणाली. “मलाही तसंच वाटलं होतं. त्या अँब्युलन्सवाल्यांना त्रास होईल म्हणून.”

तिने पुढे होऊन त्याचा वाकडा झालेला टाय सरळ केला आणि काळे बूट वाजवत बसकडे निघून गेली.

अधिवेशन संपलं. लिअँडरने आरोग्यखात्याला चार पत्रं लिहिली, चारींना सारखंच उत्तर आलं. दिवा मात्र सरकारने तीन आठवड्यांत लावला. चांगला पांढरा, लांबवर दिसणारा दिवा. गावाने त्याला ‘लिअँडरचा दिवा’ असं नाव ठेवलं. दुकानात तो आत गेला की बोलणं थांबायचं, मग कुणीतरी हवेविषयी काहीतरी बोलायचं. तोंडावर त्याला कुणी काही म्हणालं नाही. तशी पद्धतच नव्हती तिथली.

जूनच्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, तो एफीकाकूकडे गेला. तिने पाव बांधून आणलेलं फडकं त्याने धुऊन, घडी करून बरोबर घेतलं होतं. ऑक्टोबरचा पहिला प्रश्न अँब्युलन्सचाच विचारणार, आणि तू पुढच्याच रांगेत बस, असं तो तिला सांगणार होता. येशील का, असं विचारणार होता.

स्वयंपाकघराचं दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. आतून पावाचा वास येत होता, कपबशीचा आवाज येत होता. या दारातून तो चालायला लागल्यापासून आत जात आला होता. हेवर्डकाका बाकावरून बघायचा आणि म्हणायचा, “दार लाव, मांजर जाईल.” लिअँडरने दाराला हात लावला. पण ते ढकलवेना.

मग त्याने दारावर टकटक केली.

आतला कपबशीचा आवाज थांबला.

“कोण आहे?” एफीकाकूने विचारलं.

स्केरी आर्ममध्ये त्याला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“मी,” तो म्हणाला. आतून काही उत्तर आलं नाही, म्हणून त्याने नाव सांगितलं. “लिअँडर.”