स्वच्छ, कोरडी काच

तिने चिमट्याने टोक ओढलं आणि पट्टी काचेवरून सालीसारखी निघून आली. एकतिसाव्यांदा. तिने चिमटा टेबलावर आपटला.

कंपनीने विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांकडून या गोंदाची कृती विकत घेतली, त्याला आठ महिने झाले होते. कृतीतली प्रत्येक पायरी तिने तंतोतंत पाळली होती. तरी गोंद चिकटायचं नाव घेत नव्हता.

"त्यांच्याकडे चिकटतो, मग आपल्याकडेच काय होतं?" साहेबांनी दारातूनच विचारलं. "महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर तुमच्या विभागाला कुलूप."

जणू तीच गोंदाला फितवत होती!

दुसऱ्या दिवशी ती प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत ठाण मांडून बसली. त्यांनी तीच वजनं घेतली, तितकंच ढवळलं. पट्टी तसूभर हलेना.

"लिहिलंय तेवढंच करा," ते म्हणाले आणि तासाला निघून गेले.

संतापाने तिचे डोळे भरून आले. तोंड धुवायला ती बेसिनपाशी गेली. तिथे काचा धुणाऱ्या मावशी धुतलेली एकेक काच पुसून भट्टीच्या माथ्यावर मांडत होत्या. तिने एक उचलली आणि पटकन खाली ठेवली. चांगलीच तापली होती.

"मावशी, इथे कशाला ठेवता?"

"ओल्या दिल्या की सर ओरडतात. इथे लवकर वाळतात." मावशींनी हात पुसले. "शनिवारी निवृत्त होतेय मी. मग ठेवा म्हणावं कुठे ठेवायच्या त्या."

कृतीत 'स्वच्छ, कोरडी काच' एवढंच होतं. तिच्या काचा कपाटातून निघायच्या, थंडगार.

परतल्यावर तिने काच आधी तापवली. बत्तिसावी पट्टी दोन्ही हातांनी ओढूनही निघाली नाही. विभाग वाचला. अहवालात तिने मावशींची आणि भट्टीची हकिगत लिहिली.

"असलं लिहितात का अहवालात?" म्हणत साहेबांनी तो परिच्छेदच खोडला आणि वर लिहिलं, 'प्राध्यापकांच्या मार्गदर्शनामुळे यश.' तशीच प्रत प्राध्यापकांना गेली.

पंधरवड्याने त्यांचा फोन आला. आवाज त्रासलेला होता.

"अहो, आमच्याच पट्ट्या निघायला लागल्यात. इथे तर काहीच बदललेलं नाही!"

तिने समोरच्या उबदार काचेवर बोट टेकवलं.

"सर, मावशी गेल्या ना?"

"कोण मावशी?"