खिळ्याला टांगलेली चकती

"गाडी कण्हतेय," असं दादाने फोनवर सांगितलं, तेव्हा तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते, "टायरं असतील."

"टायरं वर्षभर हीच आहेत. तेव्हा नव्हती कण्हत."

"मोठी टायरं आवाज करतातच."

"बरं, मिस्त्रीबाई. या मग एकदा, आणि टायरांनाच विचारा."

रविवारी ती आली. वडिलांना जाऊन अडीच महिने झाले होते. घराखालच्या गॅरेजचं शटर दादाने आधीच वर केलं होतं आणि आत टाचणी काका स्टुलावर बसून हातमोजे चढवत होते. काका आणि वडील तीस वर्षं एकाच खडी-क्रशरच्या वर्कशॉपमध्ये होते. अंगाने इतके बारीक, की त्यांना गाडीखाली शिरायला जॅकसुद्धा लागत नाही, असं वडील म्हणायचे. टाचणी हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

"ये छोटे," काका म्हणाले. ती एकोणचाळीस वर्षांची होती.

दादाचं काम जमिनीच्या मोजणीचं. रस्ता संपतो तिथून त्याचं काम सुरू होतं. त्यासाठी त्याने जीपला मोठी टायरं चढवली आणि गाडी चढणीला धापा टाकू लागली. मग वडिलांनी चाकं फिरवणाऱ्या दोन्ही अॅक्सलमधले गिअर काढून चढाला जोर देणारे दुसरे गिअर बसवायचं काम अंगावर घेतलं. पुढचा अॅक्सल दोन दिवसांत झाला. मागच्याला चार दिवस लागले, कारण तोवर त्यांना दर अर्ध्या तासाने बसावं लागत होतं. ते त्यांचं शेवटचं काम. त्यानंतर अकरा दिवसांनी, दाढीचं पाणी तापेपर्यंत म्हणून सकाळी खुर्चीत टेकले, ते तिथेच.

आई चहा घेऊन खाली आली. "उघडणार आहात का ते?" तिने काकांना विचारलं.

"आधी ऐकतो वहिनी. उघडायची वेळ येऊ नये, असंच बघतो."

"त्यांनी लावलेलं आहे," आई म्हणाली आणि कप ठेवून वर गेली.

ते उघडू नये असं छोटीलाही वाटत होतं. फक्त तिचं कारण आईचं नव्हतं.

क्रशरच्या धडधडाटात वडिलांचे कान पस्तिशीतच गेले होते. बोललेलं ते ओठांवरून ओळखायचे, पण यंत्राला ओठ नसतात. म्हणून सात वर्षांच्या छोटीला मागच्या सीटवर बसवून ते गाडी फिरवून आणायचे आणि तिला त्यांनी तीन शब्द दिले होते. गुणगुण म्हणजे गिअर. खरखर म्हणजे बेअरिंग. टकटक म्हणजे जोड. "बोल छोटे, काय म्हणतेय गाडी?" ती सांगायची आणि ते आरशात तिचा चेहरा वाचायचे. पुढे साखरेच्या आजाराने त्यांच्या बोटांचीही जाण गेली. आधी गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवून जे थोडंफार उमगायचं, तेही थांबलं. तरी त्यांचं अडलं नाही. ती सुट्टीवर येईपर्यंत गाडी थांबत असे.

त्या शेवटच्या वेळीही थांबली होती. मागच्या अॅक्सलचं काम संपलं तेव्हा ती चार दिवसांच्या रजेवर आली होती आणि तो रजेचा शेवटचा दिवस होता. वडील तिला मागे बसवून नदीकडच्या मोकळ्या रस्त्याला गेले. काटा पन्नासवर आला आणि तिला गुणगुण ऐकू आली. फार नाही. बंद खोलीत अडकलेल्या माशीएवढी. वडिलांनी आरशात पाहिलं. "काय म्हणतेय?"

आरशातल्या नजरेला नजर न देता तिने सांगितलं, "काही नाही. छान आहे."

अडीच महिने ती एकच गोष्ट स्वतःला समजावत होती, की तो आवाज टायरांचा होता.

काकांनी गाडी बाहेर काढली. दादा पुढे बसला, ती मागे. नदीकडच्या रस्त्याला लागल्यावर काकांनी वेग वाढवत नेला. पन्नासला गुणगुण सुरू झाली. आता ती माशीएवढी राहिली नव्हती. पुढे सत्तरला पायाखालचा पत्राही थरथरू लागला.

"टायर असेल तर त्याला माझ्या पायाची फिकीर नसते," काका म्हणाले. "मी दाबलं काय, सोडलं काय, ते आपलं वाजत राहतं. गिअर मात्र पायाचं ऐकतो." त्यांनी पाय उचलला. आवाज थांबला. पुन्हा दाबला. आला.

"म्हणजे गिअर?" दादाने विचारलं.

"थांब रे. थरथर कुठून येते ते आधी बघू. तीच सगळीकडे आवाज पोचवत असेल."

छोटीने या 'असेल'ला घट्ट धरलं.

गॅरेजमध्ये काका जीपखाली शिरले. खरंच जॅक लागला नाही. इंजिनकडून मागच्या अॅक्सलकडे फिरणारा लांब दांडा, प्रोपेलर शाफ्ट, त्यांनी बॅटरीच्या उजेडात हळूहळू फिरवून पाहिला आणि खालूनच हाक मारली, "हा कोणी काढला होता?"

"मी," दादा म्हणाला. "बाबा गेल्यानंतर. ग्रीस भरायला."

"शाबास. दोन तुकड्यांवर दोन बाण कोरलेत, ते समोरासमोर येतात. तुझे बाण एकमेकांकडे पाठ करून बसलेत. नवरा-बायको भांडल्यासारखे."

"बाबांच्या मागे गाडीला हात लावायचा नाही, असंच ना?"

"लाव की. डोळे उघडे ठेवून लाव."

दादा हसला. त्याच्या चुकीवर हसता येत होतं, कारण ती वीस मिनिटांत दुरुस्त झाली. बाण समोरासमोर आले, बोल्ट कसले गेले आणि तिघं पुन्हा त्याच रस्त्याला लागले. सत्तरला पत्रा शांत होता. पायाखाली काहीच थरथरत नव्हतं. त्यामुळे गुणगुण आता अगदी स्वच्छ ऐकू येत होती.

परतताना दादा एवढंच म्हणाला, "उघडावं लागणार. मी सांगतो आईला." आणि घरी पोचताच वर गेला.

काकांनी तेल काढून टाकलं, झाकणाचे बोल्ट सैल केले, झाकण उतरवलं. आतलं मोठं दातेरी चक्र तेलाने चमकत होतं. "दातांना रंग लावून फिरवू. कुठे घासतात ते दिसेल. तुझ्या बापाची रंगाची डबी कुठे असते?"

"कपाटात," ती म्हणाली.

लोखंडी कपाटाचं दार काकांनी उघडलं आणि डबी न घेताच उभे राहिले. ती त्यांच्यामागे आली. दाराच्या आतल्या बाजूला वडिलांच्या तिरक्या अक्षरात खडूने लिहिलेलं होतं.

'१.३० घातली. रंग ठीक, पण जरा खोल वाटतो. १.२५ तयार ठेवली. गुणगुण आली तर ही घालणे.'

शेजारी एक खिळा. खिळ्याला दोऱ्याने टांगलेली एक पोलादी चकती, बांगडीसारखी पोकळ, नाण्याएवढ्या जाडीची. गिअर किती खोल बसायचा ते या चकतीची जाडी ठरवते. मिस्त्री लोक तिला शिम म्हणतात. तिला पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलेलं होतं.

खाली आणखी एक ओळ होती. ती नंतर लिहिलेली असावी, कारण खडू दुसरा होता.

'गुणगुण नाही. छोटीने ऐकलं.'

काकांनी डबी घेतली. परत येऊन दातांना पिवळा रंग लावला, चक्र दोन्ही बाजूंनी फिरवलं आणि बॅटरी जवळ नेली. रंग दातांच्या मुळाशी पुसला गेला होता. रंगाची तशी गरजही नव्हती. तिथे धातू आधीच घासून आरशासारखा झाला होता.

"खोल बसलाय," काका म्हणाले. "एवढुसा. मिलिमीटरचे पाच शतांश. त्याची शंका बरोबर होती." मग बॅटरी खाली ठेवून म्हणाले, "हा आवाज पहिल्या दिवसापासूनचा आहे, छोटे. असा दात आपोआप सरकत नाही."

"माहीत आहे."

"त्याला ऐकू येत नव्हतं हे मला माहीत आहे. पण तू होतीस ना मागे?"

"होते." ती स्टुलावर बसली. "मला आला होता आवाज. पन्नासला. त्यांनी विचारलं आणि मी नाही म्हटलं."

काकांनी हातमोजे काढले. "का?"

"त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. परत उघडायला लागले असते तर आणखी चार दिवस गाडीखाली पडून राहिले असते." ती थांबली. "आणि मला सहाची बस पकडायची होती."

"यातलं कोणतं?"

"तेच मला कळत नाही, काका."

ते तिची समजूत घालतील असं तिला क्षणभर वाटलं आणि त्याची भीतीही वाटली. त्यांनी ती घातली नाही. ते खाली वाकून त्या चमकत्या दातांवरून अंगठा फिरवत राहिले, लहान मुलाचा ताप बघावा तसे.

"ती चकती घाला," ती म्हणाली.

"आता नाही उपयोग. तेव्हा घातली असती तर गाडी मांजरासारखी चालली असती. दोन हजार किलोमीटर झालेत. दात याच चालीने घासलेत, त्यांना आता दुसरी चाल येत नाही. बरोबर जागेवर बसवले तरी रडतील. कदाचित जास्तच."

"तरी घाला."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि वडिलांच्या खिळ्याकडे. "दोन दिवस लागतील. तुझी रजा?"

"वाढवते."

दोन दिवस तिने बॅटरी धरली, बोल्ट रांगेत मांडले, काका मागतील ते पान्हे दिले. आई दोन वेळा चहा घेऊन आली. पहिल्या वेळी उघड्या अॅक्सलकडे न बघता गेली. दुसऱ्या वेळी थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "त्या दिवशी जेवताना म्हणाले होते, छोटीने पास केली गाडी." छोटीने तोंड फिरवलं आणि कप घेतला. आईला सांगावं असं तिला वाटलं, पण सांगून आईच्या हाती काय पडलं असतं, ते तिला ठरवता येईना. आई वर गेली.

मंगळवारी दुपारी झाकण लागलं, नवं तेल पडलं. खिळ्यावर आता नुसता दोरा होता. खडूच्या ओळींना दोघांनीही हात लावला नाही.

काका गाडी चालवायला बसले. ती मागे बसली, अॅक्सलच्या बरोबर वर, लहानपणीच्या जागी. नदीकडचा रस्ता रिकामा होता. तीस. चाळीस. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि श्वासाचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून तोंड उघडं ठेवलं होतं, वडिलांनी शिकवलं होतं तसं. काटा पन्नासवर आला.

काकांचे कान चांगले होते. त्यांनी आरशात पाहिलं नाही. विचारलंही नाही.

"येतोय," ती म्हणाली. "पन्नासला सुरू झाला. तुम्ही पाय सोडलात की जाईल. गुणगुण आहे. खरखर नाही, टकटक नाही."

काकांनी पाय सोडला. आवाज गेला.

"हं," ते म्हणाले. "पुढे कुठे वळायला जागा दिसते का बघ."