आईची कलती विळी

आई गेल्यावर तीन महिन्यांत बाबांनी दोनदा अंगठा कापून घेतला, दोन्ही वेळा आईच्या विळीवर. दुसऱ्या वेळी आत्या घरातच होती. तिनं पट्टी बांधली आणि तिथल्या तिथे निकाल दिला. येत्या रविवारी ती जेवायला येणार. सगळा स्वयंपाक बाबांनी एकट्यानं आणि बोटं शाबूत ठेवून केला तर ठीक, नाहीतर बॅग भरायची आणि तिच्याकडे राहायला जायचं. बाबा सत्तरीचे आहेत, पण आत्या त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. तिच्यापुढे त्यांचं अजून काही चालत नाही.

बाबांना जायचं नव्हतं. कच्चंपक्कं का होईना, आपल्या घरात आपल्या हातचं खायचं होतं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. फक्त आत्या गेल्यावर एक अख्खा भोपळा विकत आणला, सरावासाठी.

मी बाजारातून कारखान्यात बनलेली विळी आणली. चकचकीत पातं, मिटून ठेवता येणारं, खाली रबराचे पाय. बाबांचा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात गेला. काटकोन तपासायचा गुण्या त्यांच्या खिशात अजून असतो. तो त्यांनी पात्याला लावला आणि खूश झाले. नव्वद अंश, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. काकडी झकास चिरली गेली. भोपळ्यावर मात्र जोर दिला तशी विळी भोपळ्यासकट पुढे निघाली आणि बाबा बसल्या बसल्या तिच्या मागे. भिंतीपाशी पोचल्यावर ते म्हणाले, वस्तू चांगली आहे, पण हिला घरात थांबायचं नाहीये.

मग आम्ही आईची विळी पिशवीत घालून मंडईमागच्या लोहाराकडे गेलो. तिचं पातं त्यानंच घडवलं होतं. अशीच, पण सरळ उभ्या पात्याची एक करून द्या, असं बाबा सांगणार होते. लोहारानं ऐकून घेतलं नाही. त्याची रीत अशी की, पातं पाटात ठोकण्याआधी गिऱ्हाइकाला समोर बसवून चिरायला लावायचं. त्यासाठी दुकानात दोन-चार काकड्या असतातच. बाबा आईच्या विळीवर बसले, एक काकडी घेतली, आणि लोहारानं त्यांचा हात धरला.

"साहेब, उठा. ही तुमची नव्हे. ही डावखुऱ्या बाईंची आहे."

डावरीचा जोर दुसऱ्या बाजूनं येतो, म्हणून त्यानं पातं मुद्दाम कलतं बसवलं होतं. उजव्या हाताच्या माणसाचा अंगठा त्याच्या वाटेत येणारच. एवढं सांगून तो हसायला लागला. बाई दर वर्षी ही विळी घेऊन यायच्या, म्हणाला. प्रत्येक वेळी पातं कुणीतरी ठोकून सरळ केलेलं. पडते का हातातून, असं त्यानं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, नाही हो, घरात एक गुण्या आहे.

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चाळीस वर्षं, दर वर्षी घर झाडायला काढलं की, ते हातोडी घेऊन बसत आणि विळी सरळ करत. आठवड्याभरात ती पुन्हा कलली की, लाकूड कच्चं आहे म्हणत. आई म्हणायची, असेल.

"एकदा सांगायचं तरी मला," बाबा म्हणाले.

"मी म्हटलं होतं त्यांना," लोहार म्हणाला. "तर म्हणाल्या, नको, ठोकताना फार खुशीत असतात."

बाबा हसले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, मग त्यांना पाटावरच बसावं लागलं. लोहार हसत होता, मी हसत होते. एका बाईनं दारातून डोकावून विचारलं, काय झालं, आणि कुणालाच सांगता येईना. तीन महिन्यांत मी घरातलं कुणी असं हसताना ऐकलं नव्हतं.

नंतर बाबांनी सरळच विचारलं, कारखान्याची ठेवू की तुमची घेऊ? कारखान्याची वाईट नाही, लोहार म्हणाला. त्याची सूनच ती वापरते. पण त्या विळीला मऊ भाज्याच द्यायच्या. भोपळा चिरायचा तर गुडघ्याखाली जड पाट हवा. बाबा म्हणाले, मग तुमचीच. लोहारानं त्यांना तीनदा बसवलं, तीनदा उठवलं आणि पातं आईच्या उलट अंगाला कलवलं. बाबांचा हात खिशाकडे गेला. मी त्यांच्याकडे पाहिलं. हात परत आला.

रविवारी आत्या वेळेआधीच आली. पाणीसुद्धा न घेता तिनं बाबांचे दोन्ही हात पुढे करायला लावले, पालथे, मग उताणे. एकही नवी जखम नव्हती. मग ती जेवायला बसली. बाबा शाळेच्या निकालाला उभे राहिल्यासारखे दारात उभे होते. भोपळा संपल्यावर तिनं ताट पुढे केलं.

"वाढ आणखी, धाकट्या. फोडी जाड झाल्यात. पुढच्या रविवारी बारीक चीर."