गुळगी म्हणजे औषध नव्हे

१९७९ साल. सुशीलाची फेलोशिप मार्चअखेर संपणार होती आणि प्रबंध टाइप व्हायला गेला होता. तीन वर्षं तिनं हुबळीतल्या विषमज्वराच्या रोग्यांचं रक्त तपासलं. नेहमीच्या कॅप्सूलना दाद न देणारे जंतू तिला नव्वद जणांत सापडले, आणि ‘आधी औषध घेतलं होतं का?’ याला त्यातले शहाऐंशी जण ‘नाही’ म्हणाले. म्हणजे जंतू रोग्याच्या अंगात नव्हे, बाहेरूनच असे निगरगट्ट होऊन आलेले. साऱ्या प्रबंधाचा डोलारा या नकारांवर उभा होता.

त्या दिवशी वॉर्डातल्या दुर्गव्वानंही मान हलवली. “औषध न्हाई घेतलं, बाई.” सुशीला उठणार, एवढ्यात म्हातारी पुढं म्हणाली, “चार गुळग्यांनी ताप उतरला व्हता. उरलेल्या जावंला दिल्या.”

“अहो मावशी, मग औषध नाही कसं म्हणता?”

“औषध बाटलीत असतंय. ह्या तर गुळग्या!” एवढं शिकून हिला हेही कळू नये, याची दुर्गव्वाला कीवच आली.

सुशीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोळीला गुळगी तिच्या घरीही म्हणत. आई तर अजून म्हणे. पण प्रश्नावली लिहिताना या शिकलेल्या लेकीला, बाईसाहेबांना, तो शब्द गावंढळ वाटला होता. शुद्ध बोलायच्या नादात घरचा शब्द त्यांनी दाराबाहेरच ठेवला.

“एका म्हातारीपायी प्रबंध मागे घेणार?” मार्गदर्शक बाळाचार्य सर वैतागले. “मुदतवाढ मिळायची नाही हं.”

“नाही तर नाही, सर. चूक कळल्यावर त्याखाली सही कशी करू?”

जुने पत्ते काढून ती गल्लोगल्ली फिरली. दहांतल्या आठ घरांत गुळगी निघाली. दाजीबानपेठेत कापडाच्या दुकानातला हमाल यल्लाप्पा भेटला. त्याची लेक सुशीलाच्याच यादीतली. वॉर्डातच गेली होती.

“तिला आधी गुळगी दिली होती का, अण्णा?”

“दिली की. तीन दिसांत उठून बसली, म्हणून थांबवली. मग परत ताप भरला.” त्यानं खांद्यावरचा गठ्ठा खाली ठेवला. “तवाच असं इचारलं असतं, तर पोर वाचली असती का, बाई?”

काहीतरी बरं बोलून सुटावं असं तिला फार वाटलं.

“ठाऊक नाही, अण्णा,” ती म्हणाली. “मी विचारलंच नाही.”

मग त्याच्यासमोरच तिनं मुलीच्या नावापुढचं ‘नाही’ खोडलं.