बटण तीनच्या वर नको

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. कॉफीच्या त्या छोट्या दुकानात खुर्च्या अठ्ठावीस. रिकामी एकही नाही. पहिल्या रांगेत मी. समोर माझे साडू, आणि त्यांच्या गळ्यात माझी गिटार.

ही गिटार साठ वर्षांपूर्वीची. वरची फळी कमानीसारखी फुगीर, पोट पोकळ, वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. दोन तास उभ्याने वाजवली तरी खांदा कुरकुरत नाही, आणि लहान खोलीत हलक्या हातानेही एकेक सूर सुटा ऐकू येतो. दोष एकच : ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवला की ते पोकळ पोट आपोआप घुमू लागते. तंत्रनिकेतनात शिकवताना लागलेल्या सवयीने मी हे मोजून ठेवले आहे. बटण तीनवर असेपर्यंत गिटार शहाणी. पाचवर ती भोंग्यासारखी ओरडते.

बारा वर्षांपूर्वी, आम्ही एकाच वाद्यवृंदात असताना, ऐन कार्यक्रमात साडूंनी माझ्यामागे जाऊन हेच बटण सातवर नेले होते. "साडूभाऊ, हे खोकं घरी ठेवा, आणि तुम्हीही घरीच बसा," असे वर माइकवरून म्हणाले. लोक हसले. माझी बायकोही हसली.

यंदा त्यांचा खांदा आखडला; स्वतःची साडेचार किलोची भरीव गिटार पेलेना. दर शनिवारी इथे कोण वाजवणार, हे मालकीणबाई आज ठरवणार होत्या. साडू गिटार मागायला आले. मी लगेच दिली.

"बटण तीनच्या वर नको."

"चाळीस वर्षं वाजवतोय मी. आता बटणं शिकवणार का मला?"

ते ऐकणार नाहीत याची खात्री होती. म्हणूनच मी दोनदा सांगितले.

पहिली दोन गाणी तीनवरच झाली, आणि चांगली झाली. लोक डोलू लागले तसा माझा जीव खालीवर होऊ लागला. तेवढ्यात कॉफीचे यंत्र फुसफुसले. साडूंना तो अपमान वाटला. हात मागच्या ॲम्प्लिफायरकडे गेला. चार. साडेचार. पाच.

सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. "काका, बंद करा ते," मालकीणबाई म्हणाल्या.

"हिच्यात काहीतरी बिघाड आहे," गिटार माझ्या हातात कोंबत साडू पुटपुटले.

"हो. बारा वर्षांपूर्वीही हाच होता."

मी बटण तीनवर आणले आणि त्यांचे अर्धवट राहिलेले गाणे पहिल्यापासून वाजवले. दाराकडची वाट खुर्च्यांनी अडली होती. साडूंना माझ्याच खुर्चीवर बसून शेवटपर्यंत ऐकावे लागले.

त्यानंतरचे शनिवार : माझे एकतीस, त्यांचे शून्य.