मधल्या मापाचं विद्यापीठ

"तुझ्या बाबांना विचार, आपण विद्यापीठ बघायला चाललोय की गाडीला हवा खायला नेतोय?"

आई मधलीच्या कानाशी पुटपुटली. पुटपुटली हे आपलं म्हणायचं. व्हॅनच्या पुढच्या बाकावर तिघं अशी चेपून बसली होती की आईचा खांदा मधलीला, मधलीचा बाबांना आणि बाबांचा दाराला टेकलेला. पुटपुटलेलंही सरळ दारापर्यंत जात होतं. पण बाबांनी समोरच्या रस्त्यावरची नजर हलवली नाही. निरोप रीतसर पोचल्याशिवाय तो ऐकायचा नाही, असा त्या घरचा नियमच होता.

"बाबा, आई विचारतेय, वेळेत पोचू ना आपण?" मधली म्हणाली.

"आईला सांग, मागे काचा आहेत. परत जाताना गिऱ्हाइकाला द्यायच्यात. गाडी पळवली तर चुरा होईल, आणि मग तो चुरा तिनेच नेऊन द्यावा, हसतमुखाने."

"बाबा म्हणतायत, पोचू."

मधलीला ना मोठं भावंड होतं ना धाकटं. तरी सगळं गणगोत तिला मधली म्हणायचं, कारण ती सदा आईबाबांच्या मधे असायची. ती दुसरीत असताना दोघांचं काहीतरी बिनसलं आणि अबोला सुरू झाला. काय बिनसलं, ते तिने मोठी झाल्यावर दोघांना वेगवेगळं गाठून विचारलं होतं. आई म्हणाली, "त्यांनाच विचार." बाबा म्हणाले, "तिलाच विचार." बहुतेक दोघंही विसरून गेली होती, पण तसं कबूल करायचं तर आधी बोलावं लागलं असतं.

अबोला होता म्हणून घरात आदळआपट होती असं मात्र कुणी समजू नये. बाबांना सर्दी झाली की आई वाफेचं पाणी ठेवायची आणि भिंतीकडे बघत म्हणायची, "बाबांना सांग, निवतंय." आईला यायला उशीर झाला की बाबा दाराशी घुटमळायचे, आणि ती वळणावर दिसली रे दिसली की आत पळून पेपर तोंडासमोर धरायचे, कधीकधी उलटा. माया होती, काळजी होती. शब्द तेवढा एकमेकांना द्यायचा नाही, इतकंच. शब्दांची ने-आण मधलीकडे. आणि ती काही नुसती हमाली करत नव्हती. नेता नेता ती शब्दांचे काटे काढायची, कोपरे घासायची. "त्या माणसाला अक्कल कधी येणार आहे?" हे एका टोकाहून निघालेलं वाक्य दुसऱ्या टोकाला "आईला वाटतं, जरा विचार करावा" होऊन पोचायचं.

त्यांचं फ्रेमचं दुकान होतं. एकाच मेजावर बाबा लाकडाच्या पट्ट्या कापायचे आणि आई काच. फोटो यायचे, चित्रं यायची, पण खरा धंदा पदव्यांचा. पोरं शिकून बाहेर पडली की आईबाप ती गुंडाळी काखेत मारून दुकानात हजर. त्यामुळे यच्चयावत विद्यापीठांबद्दल या दोघांची मतं पक्की होती, आणि ती सगळी मापावरून. त्या बड्या, नावाजलेल्या विद्यापीठाची पदवी म्हणजे अवाढव्य, सोनेरी काठाची. कुठल्याही तयार फ्रेममध्ये मावायची नाही, लाकूड वाया जायचं ते वेगळंच. असला कागद देणारी माणसं उधळी असणार, असं बाबांचं ठाम मत. गल्लीच्या टोकाच्या कॉलेजची पदवी इवलीशी, भिंतीवर लावली की पाहुणे विचारायचे, "हे कसलं, दुकानाच्या परवान्याचं का?" आणि या तिसऱ्या विद्यापीठाची, जे बघायला ते आज चालले होते, पदवी मधल्या मापाची. तयार फ्रेममध्ये अलगद बसायची. कागद जाड, दमट हवेत पोक न काढणारा.

म्हणून तर मधलीने पहिल्यांदा त्याचं नाव काढलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "आईला सांग, त्यांचा कागद चांगला असतो." आणि आई म्हणाली होती, "बाबांना सांग, मला माहीत आहे. काच मीच कापते." मधली हीच परवानगी समजली. जुने नकाशे फ्रेमला येत तेव्हा ती त्या मेजावर कोपरं टेकून तासन् तास वाचत बसायची. नकाशे कसे काढतात हे शिकवणारा विभाग या विद्यापीठात होता. बड्या विद्यापीठात तो नव्हता, गल्लीच्या टोकाला तर नावच सोडा. तिचं नाव यादीत लागलं होतं. आज संध्याकाळी तिथल्या कचेरीची खिडकी बंद होण्याआधी येते की नाही ते सांगायचं. नाही सांगितलं तर जागा दुसऱ्याला.

फक्त जसजसा आजचा दिवस जवळ आला, तसतसा त्या चांगल्या कागदात दोघांनाही खोट दिसायला लागली होती.

फाटकापाशी नारिंगी टी-शर्ट घातलेली एक मुलगी पाहुण्यांची टोळी जमवून उभी होती. तिसऱ्या वर्षाला होती, आणि बोलता बोलता उलट्या पावलांनी चालायची तिला सवय होती.

"बाबांना सांग, त्या नारिंगीला म्हणावं पुढे बघून चाल, पडेल," आई म्हणाली. मुलीचं नाव तिथंच ठरून गेलं.

"आमचं विद्यापीठ," नारिंगी मागे सरकत सांगत होती, "मोठ्यांमध्ये लहान आणि लहानांमध्ये मोठं आहे. ग्रंथालयात पुस्तकं भरपूर, पण माणूस हरवेल इतकी नाहीत. शिक्षक तुम्हाला नावाने ओळखतात. निदान चेहऱ्याने."

"आईला विचार, मोठ्यांत लहान म्हणजे नक्की काय?"

"बाबांना सांग, म्हणजे मधलं. त्यात न कळण्यासारखं काय आहे? आपल्या घरात आहे की एक."

मुख्य इमारतीच्या लांब बोळात आजवरच्या कुलगुरूंच्या तसबिरी ओळीने टांगल्या होत्या. बाकीचे आईबाप वर्गखोल्यांत डोकावत होते. ही दोघं मात्र कुलगुरूंच्या कोपऱ्यांना डोळे लावून उभी.

"आईला सांग, सांधे उघडे पडलेत."

"बाबांना सांग, पुठ्ठाही पिवळा पडलाय. आणि काच बघा म्हणावं, नुसती चमकतेय. माणूस दिसायच्या ऐवजी समोरची खिडकी दिसते."

"आईला सांग, खिडकी बरी आहे त्यापेक्षा."

यावर आई खुदकन हसली आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं. मधलीने एकही शब्द पोचवला नव्हता. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर होती; पण ती दोघं ऐकू आलं नाही असं दाखवायला इतकी सरावलेली होती की मधलीने नुसती मान हलवली तरी निरोप पोचला असं धरलं जायचं. पहारेकऱ्याने "हात लावू नका" म्हणेपर्यंत बाबांनी तीन कुलगुरू सरळ करून टाकले होते.

मग मधलीला नकाशा विभागात बोलावणं आलं. एकटीलाच. नारिंगी म्हणाली, "काका-काकूंना मी हॉस्टेल दाखवते, तू ये निवांत."

दोघांना एकत्र सोडून मधली शाळेशिवाय कुठे गेली नव्हती, आणि शाळेच्या वेळात दोघं आपापल्या यंत्रांच्या खडखडाटात असत. पण नारिंगी त्यांना घेऊन निघालीसुद्धा, उलटी.

नकाशा विभाग म्हणजे वरच्या मजल्यावरची एक मोठी खोली आणि मधोमध जेवणाच्या मेजाहून चौपट मेज. त्याला चपटे, रुंद खण. तिथल्या बाईंच्या बोटांना शाई लागलेली होती आणि चष्मा केसांत अडकवून त्या तोच शोधत होत्या. मधलीने तो दाखवून दिला. मुलाखत म्हणावी तर एवढीच झाली. नंतर बाईंनी खण उघडून एकेक नकाशा पुढ्यात पसरला, तिच्या हातात लेखणी दिली आणि एका टेकडीभोवती रेघ ओढायला सांगितली. रेघ थरथरली.

"थरथरू दे. टेकड्याही काही सरळ नसतात," बाई म्हणाल्या. "नकाशात काय दाखवायचं हे कुणीही सांगेल. काय गाळायचं हे ज्याला कळतं, तो माणूस मला हवाय."

मधलीला वाटलं, हे तर मी दुसरीपासून करतेय. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला एखादी जागा इतकी हवीशी वाटली की जिना उतरताना ती दोन-दोन पायऱ्या टाकत होती.

हॉस्टेलच्या अंगणात एक बाक होता. बाकाच्या एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला बाबा, आणि मधे, घामाघूम झालेली नारिंगी.

"काकू म्हणतात, खोली नाही ती, खुराडं आहे," नारिंगी डावीकडून उजवीकडे वळली. मग उजवीकडून डावीकडे. "काका म्हणतात, घरी कुठला राजवाडा उतू चाललाय? पण वर असंही म्हणतात की खिडकीला कडी नाही, ते त्यांनाही पटलेलं नाही."

मधली जागच्या जागी थिजली. "तू जसंच्या तसं सांगतेयस?"

"मग कसं सांगायचं?" नारिंगी उठून तिच्याजवळ आली. "अगं, कुठे होतीस तू! काकू पहिल्यांदा म्हणाल्या 'त्यांना सांग', तेव्हा मला वाटलं काकांना कमी ऐकू येतं. मी ओरडून सांगितलं. ते म्हणाले, 'मी बहिरा नाही.' मग त्यांनीही मलाच धरलं. आमच्याकडे भाषांतराचा विभाग आहे, बरं का. तुला परीक्षा माफ होईल."

"आणखी काय काय बोलले?"

"काकू म्हणाल्या, त्या माणसाला मुलगी कुठे जाते याचं काही नाही. काका म्हणाले, त्या बाईला कसं कळणार काही आहे की नाही, तिने कधी विचारलंय का? मग काय, मी हॉस्टेलच्या जेवणाची माहिती दिली."

मधलीने बाकाकडे पाहिलं. दोघांचेही कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत काटे न काढलेलं वाक्य दोघांना पहिल्यांदाच टोचलं होतं. आणि गंमत अशी की, टोचूनही दोघं उठून गेली नव्हती.

"झालं का तुझं?" आई म्हणाली. "चल मग, निघू. बाबांना सांग, गल्लीच्या टोकाचं कॉलेज काही वाईट नाही. दुपारी घरी जेवायला येता येतं."

"आईला सांग, मीही तेच म्हणणार होतो," बाबा म्हणाले. "रस्ता फार खराब आहे इथला."

रस्ता आरशासारखा होता. मधलीच्या डोळ्यांत पाणी आलं. दहा-एक वर्षांत या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे तिने इथे येऊ नये.

"मला इथंच यायचंय," ती म्हणाली. "कचेरीची खिडकी बंद व्हायला आलीय."

कचेरीत रांग लागली होती. खिडकीच्या आत बसलेल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "येणार की नाही?"

"मी येणार," मधली म्हणाली.

"घरच्यांची हरकत?"

"तिच्या बाबांना विचारा," आई म्हणाली.

"तिच्या आईला विचारा," बाबा म्हणाले.

आता बाईंनी मान वर केली. "ते दोघं कुठे भेटतील?"

"आम्हीच," दोघं एकदम म्हणाली, आणि एकदम बोलून गेल्याने दचकली.

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. आईने पदर सावरावा तशी खांद्यावरची पिशवी सावरली आणि मधलीकडे झुकली. "सांग ना बाबांना, हॉस्टेलच्या जेवणात काही दम नाही. पोरगी वाळून जाईल."

मधलीने कचेरीच्या खिडकीवरची नजर हलवली नाही.

"सांग ना."

"नाही सांगणार."

नारिंगीला राहवेना. ती श्वास घेऊन पुढे सरसावली, "काकू म्हणता—"

"तूसुद्धा नाही," मधलीने तिचा हात धरला. तिने तो सोडला नाही. तिला ठाऊक होतं, या क्षणी तिने एक शब्द इकडचा तिकडे नेला, तर ती जन्मभर नेतच राहील.

बाबांनी छताकडे पाहिलं. छताला उद्देशून म्हणाले, "खिडकीला कडी नाही." छताने उत्तर दिलं नाही. आई खांबाकडे वळून म्हणाली, "गाद्या पातळ आहेत." खांबही तसलाच निघाला. मग बोलायला छत उरलं नाही की खांब उरला नाही. खिडकीतल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि उगाचच पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

आईने मधलीच्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. बोटांना शाई लागली होती. पोरीने ती पुसली नव्हती; उलट मूठ झाकून जपून धरली होती.

आई वळली. छताकडे नाही, खांबाकडे नाही. थेट त्या माणसाकडे, ज्याच्या शेजारी उभं राहून ती रोज काच कापत आली होती.

"अहो," ती म्हणाली, "हॉस्टेल चांगलं आहे. रस्ताही चांगला आहे. ही गेली की घरात आपण दोघंच उरणार आणि आपल्याला एकमेकांशी बोलायची भीती वाटते, म्हणून आपण पोरीला अडवून धरलंय."